बीकॉमनंतर कॉल सेंटर: आयुष्यभराची नोकरी होते का?

गुहागरचा_मामा: भाच्याचं बीकॉम झालं. मालाडला एका कॉल सेंटरात निवड झालीय, अमेरिकन प्रोसेस (म्हणजे तिकडच्या गिऱ्हाइकांचे कॉल), रात्रपाळी. बहिणीच्या घरी शृंगारतळीला आठ दिवस हाच विषय. भाऊजी म्हणतात, हेडफोन लावून कुणी म्हातारा झालेला बघितलाय का?

मी 2008 साली एसवाय अर्धवट सोडून फ्लोअरवर गेलो, अजून याच धंद्यात आहे. दोन वर्षं कॉल घेतले. दोन कॉलांच्या मधे वेळ मिळाला की एक्सेल शिकायचो, सुट्टीच्या दिवशी क्वालिटीवाल्यांच्या (कॉल तपासणाऱ्यांच्या) शेजारी बसून दुसऱ्यांचे कॉल ऐकायचो. आयजेपी (कंपनीतल्याच लोकांसाठीची अंतर्गत भरती) निघाली तेव्हा क्वालिटीत गेलो. आज गावच्या घरावर स्लॅब आहे तो याच पगारातून. माझं मत: फोनवरून वेळेत उतरलात तर हे पक्कं करिअर आहे.

चिपळूणची_ताई: दादा, तुम्ही चढलात ती शिडी खरी. पण तिची खालची पायरी आता आहे का? पासवर्ड विसरला, ऑर्डर कुठे अडकली, बिल किती आलं, असे सोपे कॉल चॅटबॉटने नेले. नवीन पोरगा शिकायचा तो त्याच कॉलवर. आता पहिल्या आठवड्यापासून त्याच्या वाट्याला फक्त भडकलेलं गिऱ्हाईक.

आणि रात्रीचं काय? उन्हाळ्यात माझं लॉगिन संध्याकाळी साडेसहाला, नोव्हेंबरात तिकडची घड्याळं मागे गेली की साडेसातला. घड्याळ अमेरिकेत हलायचं आणि आमच्या घरातली जेवायची वेळ बदलायची. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2007 मध्ये रात्रपाळीला 'बहुधा कर्करोगकारक' म्हटलं, 2019 मध्ये तेच कायम ठेवलं. पाच वर्षांनी सोडलं. मासिक पाळी नियमित व्हायलाच वर्ष गेलं.

कुडाळचो_झिल: दादानू, तुमचा म्हणणा पटता. पण वीस पोरांमागे टीएल (टीम लीडर) एक. तो वर गेलो, उरलेल्या एकोणीसांचा काय? सगळ्यांका आयजेपी गावता खय?

हापूसवाला_रत्नागिरी: भाच्याच्या घरी बाग असेल तर 'गावी राहा, बाग बघ' म्हणणाऱ्यांनी एक हंगाम माझ्याबरोबर काढावा. मोहोर चांगला आला की थ्रिप्स. फवारणीवर फवारणी केली, तर फेब्रुवारीत ऊन तापतं आणि कणी गळून झाडाखाली सडा पडतो. राखणीच्या गुरख्याचा पगार मात्र दर महिन्याला द्यावाच लागतो. पोराला खात्यावर ठरल्या तारखेला पैसे येऊ देत. जाऊ दे त्याला.

सावंतवाडीहून: कॉल सेंटर म्हणजे रात्र आणि अमेरिका, एवढंच धरून चाललाय सगळे. मी विम्याची मराठी-हिंदी प्रोसेस घरून करते, दिवसपाळी. पगार मुंबईपेक्षा बराच कमी, पण भाडं नाही, लोकल नाही, सासूबाईंचं औषधपाणी बघता येतं. पावसात वीज गेली की इन्व्हर्टर दोन तास चालतो, पुढचे तास बिनपगारी जातात.

काम हलकं नाही, हे भाऊजींना सांगा. परवा एक आजोबा पॉलिसी नंबर वाचायला चष्मा शोधत होते. स्क्रीनवर माझी वेळ लाल झाली. "सावकाश बघा, मी आहे," म्हटलं. आजोबांचं काम झालं, जाताना आशीर्वाद दिला. त्या कॉलला एएचटीचे (कॉलला लागणाऱ्या सरासरी वेळेचे) गुण कापले गेले. मला हे काम म्हातारपणापर्यंत करायला आवडेल. पण आजोबांसाठी थांबल्याची शिक्षा होत असेल, तर माझ्यासारख्या किती जणी टिकतील?

गुहागरचा_मामा: ताई, खालच्या पायरीचं तुमचं खरं आहे, आमच्याकडेही नवीन भरती आटलीय. आणि एकोणीसांचं उत्तर माझ्याकडे नाही. माझ्या बॅचचे बहुतेक जण कुठे आहेत, मला माहीत नाही, हे लिहिताना लक्षात आलं.

भाच्याला सांगितलंय, एचआरला विचार: दिवसाची प्रोसेस आहे का, आणि फोनवरून दुसऱ्या कामात जायला किमान किती महिने लागतात. रुजू व्हायची तारीख गणपतीच्या आदल्या दिवशी दिलीय. ती पाच दिवस पुढे ढकलतात का, हेही विचारायला सांगितलंय.

चिपळूणची_ताई: तारखेचं आधी विचारायला सांगा. काय उत्तर आलं ते इथे लिहा.