आलापल्लीचा रस्ता : कधी गेलात, कुणासोबत, कुठे थांबलात?

सागपान

चंद्रपुरात सून म्हणून आले त्याला आता वीस वर्षं होतील. एवढ्या काळात आलापल्ली हे नाव ऐकलं ते फक्त बदलीच्या संदर्भात. कुणाची तिकडं बदली झाली की शेजारीपाजारी चहाला यायचे आणि सांत्वन करून जायचे. फिरायला म्हणून तिकडं जाता येतं हे गेल्या जानेवारीपर्यंत आमच्या घरात कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

निमित्त मामाजींचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं झालं. त्यांची नोकरी सारी बल्लारशाच्या लाकूड डेपोत गेली. लठ्ठ्यांची लांबी-गोलाई मोजायची, घनफूट काढायचे, लिलावाआधी गंजी लावून घ्यायच्या. २०२३ च्या मार्चमध्ये अयोध्येच्या मंदिरासाठी इथून सागवान मिरवणुकीनं निघालं, तेव्हा गुडघे दुखत असताना काठी टेकत बघायला गेले होते. आल्यावर म्हणाले, "हे लाकूड जिथून येते ते जंगल काही मी पाहिलो नाही."

म्हणून गेलो. बल्लारशा, गोंडपिपरी, आष्टी, आलापल्ली. एकशेवीस किलोमीटरच्या आसपास. आष्टीला वैनगंगेवरच्या पुलावर दोन मिनिटं थांबलो. थोडं खाली चपराळ्याजवळ तिला वर्धा भेटते आणि तिथून नदीचं नाव प्राणहिता होतं. पूल ओलांडला की जिल्हा गडचिरोली, आणि थोड्याच वेळात दोन्ही बाजूंनी साग सुरू होतो.

आलापल्लीहून भामरागडच्या रस्त्यानं सोळा किलोमीटरवर 'वनवैभव' आहे. जेमतेम सहा हेक्टर. १९५३ पासून राखून ठेवलेला हा तुकडा २०१४ मध्ये राज्यातलं पहिलं जैवविविधता वारसा स्थळ झाला. आत बघायला काय, तर झाडं. पोरं दहा मिनिटांत कंटाळली. वाळलेल्या सागाच्या पानांवरून चालताना पापडाच्या डब्यात पाय पडल्यासारखा आवाज होतो, तेवढीच त्यांची करमणूक.

मामाजी मात्र एका सागापाशी गेले. दोन्ही हात पसरून बुंध्याला लावले, एका बाजूला सरकले, पुन्हा लावले. मग मान वर करून ओठ हलवत हिशेब करायला लागले. घनफूट काढत होते! मध्येच थांबले आणि म्हणाले, "चौतीस वर्षं यायले मी आडवंच पाहिलो."

येताना ते गाडीत फार बोलले नाहीत. म्हणून हा धागा काढतेय. तुम्ही या पट्ट्यातून गाडीनं गेला असाल, आलापल्ली असो, भामरागड, सिरोंचा किंवा वर वडसा-आरमोरीकडं, तर लिहा. कुठल्या दिवसांत गेलात, कुठं थांबलात, कुठं फसलात. जाहिरातीच्या पत्रकासारखं नको.

गुरुजी_निवृत्त

ताई, सांत्वनाचा चहा माझ्या घरीही झाला होता. साल १९९१. भामरागड तालुक्यात शिक्षक म्हणून ऑर्डर आली तेव्हा आईनं देव्हाऱ्यापुढं नारळ ठेवला.

तेव्हाचा प्रवास गाडीनं नव्हे, गाडी चालली तर. पावसाळ्यात पर्लकोटा पुलावरून वाहू लागली की भामरागड पलीकडं आणि आपण अलीकडं. तीन नद्या तिथं एकत्र येतात, इंद्रावती, पामुलगौतमी आणि पर्लकोटा. एकीला पूर आला की ती दुसरीला मागं लोटते. मी एकदा पाच दिवस हेमलकशाच्या बाजूला अडकलो होतो, त्यात हिवताप भरला. लोक बिरादरीच्या दवाखान्यात पडून होतो. माझ्या शेजारी अस्वलानं ओरबाडलेला माणूस होता. त्याला मराठी येत नव्हती, मला माडिया. दोघं एकमेकांकडं बघून हसायचो.

शाळेत तीच गत. पहिलीच्या पुस्तकात आगगाडी होती. आगगाडी कशी समजावून सांगू? मी वर्गात 'झुक झुक' करत फिरलो, पोरं खुदुखुदु हसली, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी मला माडियात एक लांब नाव ठेवलं. त्याचा अर्थ मला कुणी शेवटपर्यंत सांगितला नाही.

दोन वर्षांपूर्वी मुलाच्या कारनं पुन्हा गेलो. मेडपल्ली, पेरमिली, ताडगाव. रस्ता आता असा, की मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्ही जरा वाढवूनच सांगत होता." ताडगावच्या पुढं मी गाडी थांबवायला लावली. गावाबाहेर उभे दगड होते. गेलेल्या माणसांसाठी माडिया लोक ते उभारतात. पूर्वी मी त्यांच्या बाजूनं सायकलनं रोज जायचो. त्यांत चार-दोन नवे वाढलेले दिसले.

भामरागडच्या बाजारात मिरच्या विकणारा एक पन्नाशीकडं झुकलेला माणूस उठून उभा राहिला. "जोहार गुरुजी." मी ओळखलं नाही. त्यानं दोन्ही हात कोपरात वाकवून 'झुक झुक' केलं.

नणंद_भावजय

आमचं छोटंसं. मार्चमध्ये मी आणि माझी वहिनी, दोघीच, अल्टो घेऊन नागपूरहून हेमलकशाला निघालो. घरच्या पुरुषमंडळींनी इतके सल्ले दिले की डिकीत सामानाला जागा उरली नाही.

पेरमिलीच्या अलीकडं टायर बसलं. मोबाईलला रेंज नाही. ऊन मी म्हणत होतं, म्हणून गाडी ढकलत रस्त्याकडेच्या एका मोठ्या झाडाच्या सावलीत नेली. जॅक लावायला माती भुसभुशीत, तो आतच जायचा. दोन पोरं मोटरसायकलवर आली, एका फळीवर जॅक टेकवला आणि पंधरा मिनिटांत स्टेपनी बसवून दिली. पैसे घेईनात. वहिनीनं खूप आग्रह केला तेव्हा एक जण लाजत म्हणाला, "ताई, खर्रा असंल तर द्या." वहिनीकडं तंबाखू-सुपारीचा खर्रा! सोवळ्यातली बाई ती. शेवटी तिळाच्या वड्या दिल्या.

तेवढ्या वेळात एक म्हातारी टोपली घेऊन येऊन उभी राहिली होती. काही बोलली नाही. आम्ही बिस्किटाचा पुडा पुढं केला, तिनं घेतला, पण गाडी निघेपर्यंत हलली नाही.

दंडारप्रेमी

मी वडशाचा. आमच्याकडं जंगल बघायला कुणी जात नाही, नाटक बघायला जातो आणि वाटेत जंगल लागते. दिवाळी झाली की गावोगावी मंडई म्हणजे जत्रा, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, आणि रात्री नाटक. दहाला पडदा उघडला की उजाडेपर्यंत. पुण्या-मुंबईच्या लोकांना दोन तासांत नाटक संपते याचं आम्हाला नवल वाटते.

कुरखेड्याच्या बाजूला एका गावात नाटक होतं. आम्ही चौघं बोलेरोनं. २०२१ च्या ऑक्टोबरात छत्तीसगडातून रानहत्तींचा कळप आमच्या भागात उतरला, त्यानंतरची ही गोष्ट. तिसऱ्या अंकात नायिकेचं रडणं सुरू, आणि मागच्या लोकांत कुजबुज चालू झाली. मग माईकवरून सांगितलं, "हत्ती बाजूच्या शिवारात आहेत, कोणी घरी जावाची घाई करू नका, नाटक चालू राहील." आणि राहिलं! नायिकेनं रडणं जिथं सोडलं होतं तिथूनच उचललं.

सकाळी परत येताना धानाचे पुंजणे विस्कटलेले आणि एका घराची मागची भिंत पाडलेली दिसली. आत मोहफुलं साठवलेली होती म्हणे. घरधनी ओट्यावर बसून दात घासत होता. माझा मित्र म्हणाला, "बाप्पा, किती शांत हाय हा." मी म्हटलं, तो काय करंल दुसरं?

रात्री या भागात गाडी चालवू नका हे मात्र खरं. हत्ती तर आहेतच, आता आरमोरी-वडसा पट्ट्यात वाघही कमी नाहीत.

बाबा_दोन_पोरांचा

कमलापूरचा हत्तीकॅम्प कुणी लिहिला नाही म्हणून. आलापल्ली-सिरोंचा रस्त्यावर रेपनपल्लीहून आत. वनविभागाचे हत्ती, पूर्वी लठ्ठे ओढायचे. नागपूरहून पहाटे चारला निघालो, पोरं सारा रस्ता 'हत्ती हत्ती'. पोहोचलो तर कॅम्प बंद. जानेवारीत हत्तींना दहा दिवस सुट्टी असते. औषधी वनस्पती उकळून त्या लेपानं त्यांचे पाय शेकतात, त्याला चोपिंग म्हणतात. त्या दिवसांत बाहेरच्यांना प्रवेश नाही.

धाकटी म्हणाली, "पप्पा, तुम्हाला तर एवढी सुट्टी मिळत नाही."

विचारून जा.

जीवाश्म

सिरोंचाला लोक प्राणहिता आणि गोदावरीचा संगम बघतात, पलीकडं तेलंगणात कालेश्वरला जाऊन येतात आणि परततात. मी भूशास्त्राचा विद्यार्थी असताना वेगळ्या कामानं गेलो होतो. तालुक्यातल्या पोचमपल्ली गावाजवळ १९५८ ते १९६१ दरम्यान एका अवाढव्य शाकाहारी डायनासोरची हाडं निघाली. १९७५ मध्ये त्याचं नाव पडलं बारापासॉरस टागोराय. 'बारा पा' म्हणजे मोठा पाय, कारण मांडीचं हाड माणसाएवढं. आणि टागोराय यासाठी, की हाडं निघत होती तेव्हा रवींद्रनाथांची जन्मशताब्दी चालू होती. सांगाडा आज कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत उभा आहे.

तो सांगाडा मी आधी कोलकात्यात पाहिला होता. त्यामुळं गावात उतरलो तेव्हा उगाच ओळखीच्या माणसाच्या गावी आल्यासारखं वाटलं. शेताच्या बांधावर एक आजोबा भेटले. "एक्कडिकी पोतुन्नारू?" कुठं निघालात? सिरोंचाकडं तेलुगू सर्रास चालते. मी खाणाखुणांनी हाडं म्हणून सांगायला गेलो. त्यांना वाटलं माझा पाय दुखतोय. घरी नेऊन खाटेवर बसवलं, तेल चोळायला घेतलं. मीही चोळून घेतलं, चार दिवसांच्या पायपिटीनं दुखतच होता. तो पाय कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या कुणाचा, हे सांगायचं राहूनच गेलं.

वडधमचं जीवाश्म उद्यान वाटेतच आहे. तिथं दगड झालेली झाडं आहेत. सागाचा मोह झालेल्यांनी तीही बघावीत.

फसलेला_प्रवासी

सगळे गोड गोड लिहीत आहेत, म्हणून माझंही. खनिज वाहणाऱ्या अवजड गाड्यांच्या रांगेत आम्ही आष्टी ते आलापल्ली लाल धूळ खात गेलो. पांढरी गाडी विटकरी झाली. रस्त्याला खड्डे म्हणावं, की खड्ड्यांमध्ये रस्ता, ठरवता येईना. मुक्कामाला एका लॉजवर फोन करून खोली ठेवली होती. पोहोचल्यावर मालक म्हणाला, "तुमची खोली आहे, पण त्यात साहेब झोपले आहेत." कोणते साहेब विचारलं तर तेही त्याला ठाऊक नव्हतं. रात्र गाडीत काढली.

पहाटे पाचला काच खाली केली तेव्हा मोहाचा वास आला तो आजही नाकात आहे, हे कबूल करतो. पण कंबर तीन दिवस धरली होती, हेही लिहून ठेवा.

सागपान

@फसलेला_प्रवासी, आम्ही मुक्काम न करता परतलो ते बरंच केलं म्हणायचं. @गुरुजी, मामाजींना तुमची पोस्ट वाचून दाखवली. 'झुक झुक'पाशी दोनदा थांबवलं.

पेरमिलीकडचा

मी तुमचं सारं वाचलो. माडिया घरचा, आश्रमशाळेत शिकलो, आता गडचिरोलीत नोकरीले आहो. लिहू का नको असं चाललं होतं, पण धागा काढणाऱ्या ताईनं फसलात ते लिहा म्हटलं, तर थांबणाऱ्यांनी आम्हाले कसं फसवलं तेही थोडं लिहितो. रागानं नाही.

ते उभे दगड आमच्या आजे-पणज्यांचे आहेत. त्यावर पाय ठेवून फोटो काढणारे लोक येतात. गुरुजी नाही काढले, ते समजलं. लेकरं आंघोळ करून राहिली असतात, बाया पाणी भरून राहिल्या असतात, गाडीतून मोबाईल बाहेर येते. विचारा ना बाबा. कोणी नाही म्हणत नाही बहुतेक, पण विचारा.

अन् दुसरं मोहाचं. मार्च-एप्रिलात फूल पहाटे गळते. प्रत्येक झाड कोणाचं तरी असते, आमच्यात ते ठरलेलं आहे. कागदावर नाही, गावाले माहीत आहे. बाया अंधार असतानाच टोपल्या घेऊन निघतात. फुलं येचता यावीत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा आधी जाळून जागा साफ केली असते. बाहेरच्यांना ती साफ जागा पार्किंगची वाटते. सावली पण मस्त. टायरखाली फूल आलं की ते गेलं, मातीत चिकटते, वाळवाच्या कामाचं राहत नाही. एका झाडाखाली सकाळी पाच-सात किलो पडते. त्यात घरचं तेल-मीठ निघते.

बाकी या. घरी या, जेवाले बसा.

नणंद_भावजय

भाऊ, आमचं झाड मोहाचंच होतं. खाली सगळीकडं पिवळट फुलं पडलेली होती. वहिनीनं तर दोन उचलून चाखलीही, गोड आहेत म्हणाली. आणि आम्ही गाडी आणखी थोडी आत घ्या, आणखी आत घ्या, असं करत सावलीत घेतली होती.

ती म्हातारी. तिच्या हातात टोपली रिकामी होती. आम्हाला वाटलं गाडी बघायला थांबलीय.