अनुभव धागा : आवडतं जॅझ रेकॉर्डिंग आणि त्यात नेमकं काय ऐकायचं

मंद्रसप्तक
काल माइल्स डेव्हिसची 'काइंड ऑफ ब्लू' ही तबकडी लावली आणि पहिल्या बाजूच्या सुराचा जुना घोळ आठवला, म्हणून हा धागा. आवडतं रेकॉर्डिंग सांगा, पण "अप्रतिम" एवढ्यावर सोडू नका. तारीख, कुठली प्रत, कान कुठे लावायचा, सगळं येऊ द्या. जॅझमध्ये तोच माणूस तीच रचना दोनदा सारखी वाजवत नाही, त्यामुळे नुसत्या रचनेच्या नावावरून काही कळत नाही.

तर घोळ असा. 2 मार्च आणि 22 एप्रिल 1959 अशा दोन दिवसांत रेकॉर्डिंग झालं. मार्चमध्ये टेपयंत्र किंचित हळू फिरत होतं. तीच टेप बरोबर गतीने वाजवून तबकडी कापली, आणि पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना चढ्या झाल्या. फरक अर्धस्वराहून कमी आहे, नुसतं ऐकताना खटकत नाही. सोबत वाजवायला बसलात की मात्र पेटी जुळत नाही. त्याच वेळी दुसऱ्या यंत्रावर घेतलेली राखीव टेप बरोबर होती, तिच्यावरून 1992 पासून दुरुस्त प्रती निघाल्या. जुनी प्रत असेल तर फिरकीची गती थोडी उतरवा आणि पहिली रचना 'सो व्हॉट', तिच्यातला बेसचा डी सूर ट्यूनरवर जुळवा. तिचा ढाचा 32 बारांचा (बार म्हणजे चार मात्रांचा तुकडा): 16 बार डी, 8 बार अर्धस्वर वर, 8 परत डी. तो मधला चढाव कानाला पकडता आला की एकेकाचा सोलो उलगडत जातो.

तिसरी_काळी
अगदी! दुसरी बाजू कायम जुळायची आणि पहिली का नाही, याचं उत्तर आज मिळालं. आता कामात आहे, संध्याकाळी सविस्तर लिहिते.

ठेका
डेव्ह ब्रुबेकच्या चौकडीचं 'टेक फाइव्ह'. पाच मात्रा खऱ्या, पण झपतालाच्या सवयीने 2-3 मोजलंत तर फसाल. तिथे 3-2 आहे. पियानोचा डावा हात पहिल्या मात्रेपासून धरा, तो शेवटपर्यंत हलत नाही, म्हणून तर ड्रमचा सोलो मोकळा सुटतो. त्याच तबकडीवर 'ब्लू राँडो'ही आहे, नऊ मात्रा: 2-2-2-3 तीनदा, मग एकदा 3-3-3. टाळी देत मोजा, तोंडाने मोजू नका.

खाच_आणि_सुई
मला 'वेस्ट एंड ब्लूज' सोडून दुसरं नाव सुचत नाही. लुई आर्मस्ट्राँग, 28 जून 1928. सुरुवातीला साथ काहीच नाही, एकटा ट्रम्पेट. शेवटच्या आवर्तनात एकच वरचा सूर चार बार धरलाय, आणि तो सुटतो तिथून पुढच्या खाली येणाऱ्या ताना ऐका. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावायची, त्यात हे सगळं बसवलंय.

78 ची (मिनिटाला 78 फेरे घेणारी) मूळ तबकडी लावणार असाल तर एलपीची, म्हणजे नंतरच्या हळू फिरणाऱ्या तबकडीची, सुई चालत नाही. एलपीची सुई 18 ते 25 मायक्रॉनची, 78 ला 75 च्या आसपास लागते. बारीक सुई खाचेच्या तळाला घासते आणि नुसती खरखर ऐकू येते. दुसरं म्हणजे, आजच्या फोनो अँपमधला (तबकडीचा आवाज वाढवणाऱ्या यंत्रातला) आरआयएए वक्र, म्हणजे खर्ज-ट्रेबलचा समतोल साधायचं ठरलेलं माप, 1954 चा. 1928 च्या तबकडीला तो लावला की वरचे सूर दबतात, ट्रेबल वाढवून घ्यावा लागतो.

नवखा_श्रोता
78 स्पिरिटने पुसल्या तर चालतात का? एलपी साफ करायच्या द्रवात असतं तेच.

खाच_आणि_सुई
नको, अजिबात नको! त्या तबकड्या लाखेच्या, अल्कोहोलमध्ये लाख विरघळते. डिस्टिल्ड पाणी, सौम्य साबणाचा एखादा थेंब, मऊ ब्रश खाचेच्या दिशेने गोल फिरवायचा. लेबल कोरडं ठेवा आणि लगेच टिपून घ्या. अल्कोहोल घातलेला द्रव व्हिनाइलच्या एलपींपुरताच.

बेसुमार
पियानोवादक बिल इव्हान्सचं त्रिकूट, न्यूयॉर्कचा व्हिलेज व्हॅनगार्ड क्लब, 25 जून 1961. बेसवर स्कॉट लाफारो, आणि अकराव्या दिवशी तो अपघातात गेला. बेस इथे ठेका धरत नाही, पियानोशी बोलतो. पियानो थांबतो तिथे लाफारो वरच्या तारेवर काय म्हणतो ते ऐका. वरच्या सप्तकात वाजवतो म्हणून छोट्या स्पीकरवरही बरंचसं ऐकू येतं, पण खर्जाची तार 41 हर्ट्झची, तिला मोठा स्पीकर किंवा चांगले हेडफोनच हवेत. 'ग्लोरियाज स्टेप'च्या पहिल्या टेकमध्ये (पहिल्यांदा वाजवलं त्यात) मध्येच आवाज जातो. वीज गेली होती तेव्हा, तुमची फाइल बिघडलेली नाही.

तिसरी_काळी
लाफारो अवघा 25 वर्षांचा होता. ते रेकॉर्डिंग लावलं की दुसरं काही सुचत नाही.

मंद्रसप्तक
खरंय. बोलण्यासारखं काही उरतच नाही.

ठेका
न्यूपोर्ट जॅझ महोत्सव 1956 राहिला की! ड्यूक एलिंग्टनचा वाद्यवृंद, 7 जुलै. सॅक्सोफोनवर पॉल गोन्साल्विस, त्याचा 27 आवर्तनांचा सोलो. तो चुकीच्या माइकसमोर उभा होता, व्हॉइस ऑफ अमेरिका रेडिओच्या, म्हणून जुन्या एलपीवर सॅक्सोफोन लांबून येतो. शिवाय त्या एलपीचा काही भाग नंतर स्टुडिओत वाजवलेला. 1999 च्या आवृत्तीत रेकॉर्ड कंपनीची आणि रेडिओची अशा दोन्ही टेपा जुळवून स्टिरिओ केलंय, सॅक्सोफोन समोर येतो. तीच घ्या.

नवखा_श्रोता
सुरुवातीच्या स्टिरिओ एलपी हेडफोनवर विचित्र का लागतात? सॅक्सोफोन एका कानात, ड्रम दुसऱ्या.

खाच_आणि_सुई
तेव्हा वाद्यं थेट डाव्या किंवा उजव्या टोकाला टाकायचे. खोलीत दोन स्पीकरांचा आवाज मिसळतो, हेडफोनवर मिसळत नाही. अँपवर मोनोचं (दोन्ही कानांना एकच आवाज देणारं) बटण असेल तर दाबून बघा. मोनो एलपीला तर ते हवंच: तिची खाच फक्त आडवी हलते, त्यामुळे दोन्ही चॅनल एकत्र केले की उभ्या हालचालीतून येणारी खरखर कटते. उलटं मात्र करू नका. जुन्या मोनो कार्ट्रिजची (सुई बसते त्या डबीची) सुई उभी हलत नाही, स्टिरिओ तबकडी लावलीत तर खाच कायमची खरवडून निघेल.

नवखा_श्रोता
आणि नवं मोनो कार्ट्रिज?

खाच_आणि_सुई
बरीचशी उभी हलतात, सगळी नाही. माहितीपत्रकात उभी लवचिकता दिली आहे का बघा. नसेल तर स्टिरिओ तबकडीपासून लांब ठेवा.