कव्हर निवडताना हौद्याचा वापर बघा
पिकअप गाडीच्या हौद्यावर, म्हणजे मागच्या उघड्या सामानाच्या जागेवर, मऊ गुंडाळीचं कव्हर घ्यावं की ॲल्युमिनियमचं कडक घडीचं, असा प्रश्न एकाने विचारलाय. आधी सांगा, हौद्यात उंच सामान किती वेळा भरता? गुंडाळीचं कव्हर केबिनपर्यंत गुंडाळलं की जवळजवळ सगळा हौदा मोकळा होतो. घडीच्या कव्हरचा गठ्ठा मात्र पुढे उरतो. काहींचा तर केबिनच्या मागच्या काचेसमोर उभा राहतो. पण गुंडाळीचं मऊ कव्हर बहुधा व्हिनाइलचं, म्हणजे प्लास्टिकसारख्या कापडाचं असतं, ते सुरीने कापता येतं. अवजारं रात्रभर गाडीत राहणार असतील तर कडकच घ्या, आणि फाळक्याला, म्हणजे हौद्याच्या मागच्या झडपेला, कुलूप हवंच, नाहीतर वरच्या कव्हरचा काय उपयोग! पावसात पूर्ण कोरडं ठेवेल याची खात्री कुठल्याच कव्हरची देता येत नाही. पाणी बहुधा फाळक्याच्या फटीतूनच शिरतं, तिथे रबरी पट्टी लावा. मागवण्याआधी हौद्याची आतली लांबी स्वतः टेपने मोजा.