न्यूझीलंड: जुनी प्लग-इन हायब्रिड घ्यावी का? आरयूसीचं गणित कुणी सांगेल का?

नमस्कार मंडळी. मुक्काम हॅमिल्टन. एक जुनी मित्सुबिशी आउटलँडर बघून ठेवलीय, प्लग-इन हायब्रिड (प्लग लावून चार्ज होणारी, वीज आणि पेट्रोल दोन्हीवर चालणारी). गाडी बायकोच्या मनात भरलीय, किंमतही बसतेय, पण आरयूसीवर (रोड युजर चार्जेस, रस्ता वापरण्याचा किलोमीटरवारी कर) घोडं अडलंय. आपल्याकडे एकदा रोड टॅक्स भरला की पंधरा वर्षं बघायला नको. इथे किलोमीटरच आगाऊ विकत घ्यायचे, हजाराच्या पटीत. इथवर कळलं.

१ एप्रिल २०२४ पासून इलेक्ट्रिकला हजार किमीला ७६ डॉलर (डिझेल मोटारीला तेवढेच) आणि प्लग-इनला ३८. पण मी पंपावर पेट्रोल भरणार त्यातही कर आहेच ना? मग हा दुहेरी भुर्दंड नाही का?

दुसरं म्हणजे, काचेवरच्या लेबलवर ८४,००० पर्यंतचे किमी भरलेत आणि मीटर दाखवतंय ८६,१४०. मालक म्हणतो, "नावावर करून घ्या, पुढचं लेबल तुम्हीच काढा, कोण बघतंय!" खरंच कोणी बघत नाही?

आम्ही भाड्याने राहतो, गाडी रस्त्यावरच लागेल. महिन्याला हजारेक किमी होतात.

डिझेलवाला: बघतात की! वॉरंट ऑफ फिटनेस (गाडीची ठरावीक काळाने होणारी सक्तीची तपासणी) करताना मीटरची नोंद होते आणि ती सिस्टीममध्ये जाते. थकबाकी गाडीबरोबर येते, उद्या बिल तुमच्या नावाने निघेल. ८४ ते ८७ हजार, हजाराची तीन युनिटं, ११४ डॉलर आणि वर खरेदीची फी. मालकाला आधी ते भरायला लावा आणि नवं लेबल बघूनच पैसे द्या. नाहीतर तेवढे किमतीतून कापा. फी दर खरेदीला लागते, म्हणून मी पाच-पाच हजार एकदम घेतो.

वायकाटोकर: दुहेरी कर आहे, म्हणून तर प्लग-इनचा दर निम्मा ठेवलाय. लिटरमागे साधारण ७० सेंट कर धरा. हजार किमी नुसत्या विजेवर काढलेत तर ३८ डॉलर. पण चार्जच केली नाही तर ते वजनदार धूड ८० लिटर सहज पिणार, म्हणजे ५६ अधिक ३८, झाले ९४! साधी, प्लग नसलेली हायब्रिड टोयोटा अ‍ॅक्वा ४५ लिटरमध्ये तेवढंच पळते, कर ३१-३२ डॉलर आणि आरयूसी शून्य. इलेक्ट्रिकवाला ७६ भरतो आणि पेट्रोल जाळणारा हायब्रिडवाला त्याच्या निम्मेही नाही. आता बोला!

तुमच्याकडे रात्री प्लग लावायची सोय आहे का, सगळं त्यावर आहे. रस्त्यावर गाडी लावणार असाल तर माझं मत स्पष्ट आहे, नका घेऊ.

डिझेलवाला: वायकाटोकरांशी सहमत, फक्त अ‍ॅक्वाची ही चैन कायमची समजू नका. पुढे पेट्रोल गाड्याही आरयूसीवर आणायचं सरकारने जाहीर केलंय. तेव्हा अ‍ॅक्वालाही किमी मोजून पैसे पडतील.

धागाकर्ता: धन्यवाद दोघांनाही. ९४ चा आकडा घरात वाचून दाखवला, शांतता पसरली. घरमालकाचं गॅरेज रिकामं आहे, साधा तीन पिनचा प्लगही आहे. वीज वापरू द्या म्हणून विचारतोय, पण वेगळं मीटर नाही. महिन्याला किती द्यावेत? कुणी असा व्यवहार केलाय का?