मदत हवी आहे: वडील ७२, वॉर्फरिन चालू, झोपेसाठी गांजाची गमी घ्यायची म्हणतात (ओंटारिओ)

मृण्मयी_ब्रॅम्प्टन:
बाबांचं वय ७२. हृदयाचे ठोके अनियमित म्हणून वॉर्फरिन (रक्त पातळ ठेवणारं औषध), रक्तदाबासाठी अ‍ॅम्लोडिपिन ५ मिग्रॅ, प्रोस्टेटसाठी रात्री टॅमसुलोसिन. गुडघे झिजलेत, झोप तुटक. गांजा म्हणजे चिलीम आणि वाया गेलेली माणसं, हे त्यांचं जन्मभराचं मत. आता बागेत फिरायला येणाऱ्या मंडळींपैकी बरेच जण रात्री गमी (गांजाचा अर्क घातलेली जेलीची गोळी) खातात आणि बाबांचं मत पार उलटलंय: "सरकारमान्य दुकानात मिळतं, म्हणजे निर्धोकच असणार." मला अडवायचं नाही, पण नीट व्हायला हवं. सुरुवात किती मात्रेने करावी? वॉर्फरिनबरोबर चालेल का? नोव्हेंबरात पुण्याला जाताना नेता येईल का? आणि आई म्हणते, डॉक्टरांना सांगू नका, लाज वाटते.

खलबत्ता:
आधी वॉर्फरिन, कारण खरी जोखीम तिथे आहे. वॉर्फरिन यकृतातल्या ज्या एन्झाइममुळे मोडतं, त्याचंच काम गांजातले टीएचसी (नशा आणणारा घटक) आणि सीबीडी (नशा न आणणारा घटक) दोन्ही मंदावतात. वॉर्फरिन रक्तात साचतं, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते मोजणारा आकडा) चढतो आणि रक्तस्रावाचा धोका वाढतो. "सीबीडीने नशा होत नाही, म्हणजे ते चालेल" हा समज इथे उलटा पडतो. सीबीडी तेलाची मात्रा सहसा मोठी असते, त्यामुळे परिणामही मोठा. म्हणून गमी आणण्याआधी डॉक्टरांशी किंवा फार्मासिस्टशी बोला, आयएनआर तपासून ठेवा, सुरू केल्यावर आठवड्याभरात पुन्हा तपासा आणि मात्रा बदलली की परत. हिरड्यांतून रक्त, काळी शौच किंवा आपोआप उठणारे निळे डाग दिसले तर थांबायचं आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं.

आईंना सांगा, लपवण्यातच धोका आहे. कॅनडात २०१८ च्या १७ ऑक्टोबरपासून हे कायदेशीर आहे आणि डॉक्टर हा प्रश्न रोज ऐकतात. उद्या गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरली तर भूल देणाऱ्यालाही हे कळायलाच हवं.

निवांत_नायगारा:
मात्रेबद्दल. डॉक्टरांनी हो म्हटलं तरच पुढचं. नवख्याने २.५ मिग्रॅ टीएचसी किंवा त्याहून कमी घ्यावं. इथे खाण्याच्या पदार्थाच्या एका पाकिटात जास्तीत जास्त १० मिग्रॅ टीएचसी असू शकतं: कधी १० ची एकच गमी, कधी ५ च्या दोन, कधी २.५ च्या चार. बाबांसाठी २.५ चीच घ्या. १० च्या गमीचे सुरीने चार तुकडे सारखे होत नाहीत आणि मिश्रण सगळीकडे एकसारखं असेलच असं नाही. कोणी १०० मिग्रॅचं पाकीट "स्वस्तात" देत असेल तर ते इथल्या परवानाधारक दुकानातलं नाही, एवढं त्या आकड्यावरूनच ओळखा. कॅलिफोर्नियात १०० चं पाकीट चालतं, पण सीमेपलीकडून ते आणणं गुन्हा आहे.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो वेळेचा. गमीचा परिणाम सुरू व्हायला अर्ध्या तासापासून दोन तास लागतात, तो चार तासांपर्यंत चढत राहतो आणि बारा तास टिकू शकतो. पाऊण तासाने "काहीच होत नाही" म्हणून दुसरी खाल्ली की दोन्ही एकदमच चढतात. त्या रात्री दुसरी नाही म्हणजे नाही. रोज जेवणाशी तेच अंतर ठेवा. तेलकट-तुपकट जेवणानंतर शोषण वाढतं, म्हणून एक दिवस उपाशीपोटी आणि एक दिवस पुरणपोळीनंतर असं झालं की अंदाज चुकतो.

अ‍ॅम्लोडिपिन आणि टॅमसुलोसिन दोन्हींनी उभं राहताना रक्तदाब खाली येऊ शकतो, त्यात टीएचसीची भर. रात्री लघवीला उठताना आधी काठावर दोन मिनिटं बसायचं, पायांची बोटं हलवायची, वाटेत छोटा दिवा. बाथरूममध्ये पकडायला दांडा बसवा. वॉर्फरिनवर असताना डोकं आपटलं तर वरून काही दिसलं नाही तरी थेट इमर्जन्सीत. दारू आणि झोपेची गोळी त्या रात्री नको. गाडी दुसऱ्या दिवशीही डोकं पूर्ण स्वच्छ वाटेपर्यंत नको.

मृण्मयी_ब्रॅम्प्टन:
फार मोलाची माहिती. पाकीट बाबांच्या बोटांना उघडत नाही, आईने गमी स्टीलच्या डबीत काढून ठेवायचं म्हटलंय.

खलबत्ता:
कृपा करून तेवढं करू नका! ते पाकीट मुलांना उघडू नये म्हणून मुद्दाम अवघड असतं. डबीत गेली की ती साध्या जेलीच्या गोळीसारखी दिसते, नातवंडं खातात, आईच चुकून खातील. मूळ पाकीटच कुलपात ठेवा आणि रात्री एक तुम्ही काढून द्या. ओंटारिओत खाण्याचे प्रकार दुकानात आल्यानंतर ६५ वर्षांवरच्या लोकांच्या गांजाच्या विषबाधेसाठीच्या इमर्जन्सी भेटींचा दर गांजा कायदेशीर होण्याआधीच्या जवळपास तिप्पट झाला, आणि त्यात नकळत खाल्लेलेही आहेत.

जास्त झालं तर धडधड, भीती, गोंधळ, उलटी होते. बसवा, दिवे मंद करा, एकटं सोडू नका, विषबाधा मदतकेंद्राला १-८४४-७६४-७६६९ वर फोन करा. छातीत दुखलं, बेशुद्धी आली, जागच येत नसेल तर ९११. आणि डॉक्टरांना पहिल्या वाक्यात "गमी खाल्लीय" असं सांगा, नाहीतर म्हाताऱ्या माणसाचा गोंधळ पाहून आधी पक्षाघाताचाच तपास सुरू होतो.

निवांत_नायगारा:
पुण्याचं उत्तर: अजिबात नाही. कॅनडातून गांजाचा कोणताही पदार्थ बाहेर नेणं बेकायदा आहे, डॉक्टरांची चिठ्ठी असली तरी. भारतात १९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याने गांजा आणि चरस यांवर बंदी आहे. भांगेची पानं त्या व्याख्येत येत नाहीत, म्हणून होळीच्या भांगेवरून "तिथेही चालतंच की" असं बाबा म्हणतील. गमीला ती सूट लागू होत नाही. निघण्याच्या आदल्या दिवशी जाकिटाचे खिसे, औषधांची पिशवी आणि डबी स्वतः तपासा. विमान दुबई-दोहामार्गे असेल तर आणखीच काटेकोरपणे.

एक शेवटचं: झिजलेल्या गुडघ्यांवर याचा पुरावा तोकडा आहे. दोन-तीन आठवडे झोपेची वेळ, जाग किती वेळा, दुखणं दहापैकी किती, असं वहीत लिहा. फरक पडला नाही तर मात्रा वाढवायची नाही, बंद करायचं. आणि बंद केल्यावरही आयएनआर पुन्हा तपासा, तेव्हा तो खाली घसरतो.