लिनक्सच्या प्लाझ्मा डेस्कटॉपवर एचडीआर चालू असूनही गेम मंद दिसतो, कॅलिब्रेशनचा आकडाही जुळत नाही

काजवा:
तीन रात्री याच्यामागे घालवल्या, आता विचारतेच. ओएलईडी मॉनिटर आहे, छोट्या भागात १००० निट्सपर्यंत (निट म्हणजे पडद्याचा उजेड मोजायचं एकक) जातो. केडीई प्लाझ्मा ६.४, वेलँड (पडद्यावर चित्र दाखवायची लिनक्सची यंत्रणा), एएमडीचं कार्ड, गेम प्रोटॉनवर (विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर). एचडीआर (जास्त उजेड आणि जास्त रंग दाखवणारा मोड) खरोखर चालू आहे, रंग अजिबात फिके नाहीत. पण गुहेत मशाल पेटवली की ज्योत नुसती पिवळ्या कागदासारखी दिसते. हाच गेम विंडोजवर लावला की त्याच ज्योतीकडे टक लावून बघवत नाही.

आणखी एक. गेमच्या एचडीआर कॅलिब्रेशनमध्ये पडद्यावरचं चिन्ह दिसेनासं होईपर्यंत स्लायडर वाढवायचा असतो. ते १००० च्या आसपास व्हायला हवं. माझ्याकडे १७०० च्या जवळ जावं लागतं. मॉनिटर तेवढा उजेड देऊच शकत नाही, मग हा आकडा येतो कुठून?

निवांत_खेळाडू:
आधी मॉनिटरचा स्वतःचा मेनू बघ. बऱ्याच ओएलईडींवर एचडीआरचे दोन मोड असतात. 'ट्रू ब्लॅक ४००' लावला असेल तर मॉनिटर साधारण ४०० च्या वर जातच नाही, लिनक्समध्ये काहीही केलं तरी.

काजवा:
ते पहिल्याच रात्री तपासलं. जास्त उजेडाचाच मोड आहे.

टर्मिनलप्रेमी:
तुझं उत्तर त्या १७०० मध्येच आहे. सिस्टिम सेटिंग्जमध्ये डिस्प्लेच्या पानावर एसडीआर (म्हणजे एचडीआर नसलेलं साधं चित्र) ब्राइटनेस किती ठेवला आहेस? केस्क्रीन-डॉक्टर या टर्मिनलमधल्या कमांडला आउटपुटची माहिती विचारलीस तरी तो आकडा दिसेल.

काजवा:
१२०. एचडीआर चालू केल्यावर रात्री ब्राउझरचं पांढरं पान डोळ्यांना टोचायचं, म्हणून उतरवला होता. पण तो एसडीआरचा आहे ना? गेम तर एचडीआरमध्ये चालतोय.

टर्मिनलप्रेमी:
नावामुळे सगळ्यांचाच असा समज होतो. तो आकडा म्हणजे तुझ्या पडद्यावर 'साधा पांढरा' किती उजेडाचा, हे ठरवणारा. केविन (प्लाझ्माचा पडद्यावर चित्र बसवणारा भाग) एचडीआर चित्रही त्याच पांढऱ्याला धरून बसवतो. पीक्यू सिग्नलमध्ये, म्हणजे एचडीआरच्या नेहमीच्या सिग्नलमध्ये, साधा पांढरा २०३ निट्सचा धरतात. तुझा १२० वर आहे, म्हणजे गेमचे २०३ पडद्यावर १२० होऊन येतात आणि बाकी सगळं त्याच प्रमाणात खाली सरकतं. गेमने ज्योतीसाठी १००० मागितले तर तुला मिळतात जेमतेम ५९०.

आता उलटं गणित कर. पडद्यावर पूर्ण १००० हवे असतील तर गेमला १००० गुणिले २०३ भागिले १२० मागावे लागतील, म्हणजे सुमारे १६९०. तुझं चिन्ह तिथेच नाहीसं होतंय.

एसडीआर ब्राइटनेस २०० च्या आसपास ने, ट्रेमधला ब्राइटनेस पूर्ण ठेव (तोही एचडीआर चित्राला लागू होतो), आणि मगच गेमचं कॅलिब्रेशन नव्याने कर. हा क्रम मोडू नकोस. आधी गेम जुळवून नंतर डेस्कटॉप हलवलास तर सगळं पुन्हा बिघडेल.

निवांत_खेळाडू:
पुढे कुणी हा धागा वाचेल त्याच्यासाठी: मंद दिसणं वेगळं आणि राखाडी, धुतल्यासारखं दिसणं वेगळं. गेममध्ये एचडीआरचा पर्यायच येत नसेल तर डीएक्सव्हीकेचं (विंडोजच्या गेमचे ग्राफिक्स लिनक्सवर चालवणारा प्रोटॉनमधला भाग) एचडीआर व्हेरिएबल १ केलंय का ते बघा. ही सोय २.१ आवृत्तीपासून, म्हणजे २०२३ पासून आहे. मेसा (लिनक्सचा ग्राफिक्स ड्रायव्हर) २५.१ च्या आधीचा असेल तर वेगळा व्हल्कन लेयरही (ग्राफिक्ससाठी जोडायचा जादा भाग) लागतो.

काजवा:
झालं! एसडीआर २०३ केला, कॅलिब्रेशन पुन्हा केलं, चिन्ह १००० च्या जरा पुढे गेलं आणि दिसेनासं झालं. गुहेत परत गेले. ज्योतीच्या मधला भाग आता पांढराशुभ्र आहे, कडेला नारिंगी, आणि ओल्या दगडावर तिची चकाकी हलताना दिसते. ती चकाकी आधी दिसतच नव्हती, मला वाटायचं दगड कोरडेच काढलेत. मनापासून आभार.

रात्रीच्या पांढऱ्या पानाचं मात्र काय करू?

टर्मिनलप्रेमी:
एचडीआर फक्त गेमपुरता लाव. केस्क्रीन-डॉक्टरने तो चालू-बंद करता येतो. दोन ओळींची स्क्रिप्ट लिही आणि एखाद्या शॉर्टकटला जोडून टाक. मीही तेच करतो.