दूरवरून टिपलेल्या पट्टकदंबांच्या छायाचित्रांची काटछाट किती आणि कशी करावी?

पाणथळवाट (वडोदरा) यांचा प्रश्न

नमस्कार. डभोईजवळच्या वढवाणा तलावावर या हिवाळ्यात काढलेल्या दोन छायाचित्रांविषयी जाणकारांचे मत हवे आहे. माझा कॅमेरा 24 मेगापिक्सेलचा, एपीएस-सी (फुल-फ्रेमपेक्षा लहान) सेन्सरचा आहे आणि लेन्स 400 मिलिमीटरची आहे. दोन्ही छायाचित्रे बांधावरून, उभ्याने, रॉ स्वरूपात (सेन्सरने नोंदलेली कच्ची माहिती जशीच्या तशी ठेवणाऱ्या फाईलमध्ये) घेतलेली आहेत.

पहिल्या चित्रात पलीकडच्या काठाशी बसलेल्या पट्टकदंबांची (डोक्यावर काळे पट्टे असलेल्या रानहंसांची) लांबलचक रांग आहे, आणि तिच्या पुढे, चौकटीच्या उजव्या टोकाला, चक्रवाकाची एक जोडी आली आहे. दुसऱ्या चित्रात एकच पट्टकदंब घोटाभर स्थिर पाण्यात मान उंच करून डावीकडे पाहत उभा आहे, पाण्यात त्याचे संपूर्ण प्रतिबिंब दिसते, आणि वर पलीकडच्या काठावरील बाभळींचा पट्टा व त्याच्यावर पांढुरक्या आकाशाची एक चिंचोळी पट्टी आहे. हा पक्षी माझ्यापासून अंदाजे दीडशे मीटरवर होता आणि तो चौकटीच्या अगदी मध्यभागी आहे.

आमच्या मंडळाच्या प्रदर्शनासाठी 18 × 12 इंचांची एक छपाई द्यायची आहे. ज्यांना मी चित्रे दाखवली, त्या सर्वांनी ‘पक्षी मोठा दिसला पाहिजे’ असेच सांगितले. त्यानुसार डोक्यावरचे दोन काळे पट्टे ठळक दिसेपर्यंत काटछाट केली असता पिसांचा पोत पार विरघळून गेलेला दिसतो. काटछाटीची मर्यादा कशी ठरवावी, आणि त्या मर्यादेत राहून चौकट कशी बांधावी? आणखी जवळ जाऊन फोटो घेण्याचा मार्ग मी विचारात घेतलेला नाही. मध्य आशियातून हिमालय ओलांडून आलेले हे पक्षी आहेत, आणि माणूस पाण्याच्या कडेने चालू लागला की आधी त्यांच्या माना वर होतात व मग सगळा थवाच उठतो. त्यांना चरायला आणि विसावायला मिळणारा वेळ आपल्या चित्रासाठी खर्च व्हावा, हे मला पटत नाही.

ओरसंगतीर यांचे उत्तर

आपण जवळ गेला नाहीत, याबद्दल आधी मनापासून अभिनंदन. गायकवाड सरकारने गेल्या शतकाच्या आरंभी सिंचनासाठी बांधलेला हा तलाव 2021 साली रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आला आणि तेव्हापासून तिथली वर्दळ वाढत चालली आहे. बांधावरूनच छायाचित्रे घेणाऱ्यांची संख्या जितकी वाढेल तितके बरे.

मर्यादा ठरवण्यासाठी डोळ्यांवर अवलंबून राहण्याऐवजी थोडे गणित करावे, असे मी सुचवेन. लेन्सची नाभीय लांबी भागिले अंतर, म्हणजे सेन्सरवर प्रतिमा किती लहान होते त्याचे प्रमाण. 400 मिलिमीटर आणि 150 मीटर यांवरून हे प्रमाण सुमारे 0.0027 येते. पट्टकदंबाची लांबी पाऊण मीटरच्या आसपास असते, म्हणून सेन्सरवर तो अवघा 2 मिलिमीटर लांब उमटतो. आपल्या सेन्सरवर एका मिलिमीटरमध्ये साधारण 255 पिक्सेल बसतात, तेव्हा चोचीपासून शेपटीपर्यंतचा अख्खा पक्षी सुमारे 510 पिक्सेलांत सामावलेला आहे. पक्षी 100 मीटरवर असता तर हा आकडा 765 झाला असता आणि 200 मीटरवर असता तर 380 च्या आसपास राहिला असता. संगणकावर आपण कितीही काटछाट केली तरी या 510 पिक्सेलांत एकाचीही भर पडत नाही. फक्त त्यांच्या भोवतीची जागा कमी होते.

आता छपाईकडून उलटे मोजू. हातात धरून पाहायच्या छपाईसाठी दर इंचाला 300 पिक्सेल धरण्याची पद्धत आहे, पण भिंतीवरचे चित्र माणूस दोन फुटांवरून पाहतो आणि त्या अंतरावर निरोगी डोळ्यालाही दर इंचाला 150 च्या पुढचा बारकावा सहसा वेगळा काढता येत नाही. म्हणजे 18 × 12 इंचांसाठी किमान 2700 × 1800 पिक्सेलांची चौकट हवी. मूळ चित्र 6000 × 4000 चे असल्यामुळे रुंदीचा निम्म्याहून अधिक भाग आपण कापू शकता. ही आपली मर्यादा. या चौकटीत पक्षी रुंदीच्या पाचव्या हिश्श्यापेक्षाही कमी जागा व्यापेल आणि छपाईत तो साडेतीन इंचांचा दिसेल. ‘पक्षी मोठा हवा’ ही मागणी या फाईलमधून पुरी होण्यासारखी नाही, आणि ती पुरी करण्याच्या नादात चित्र बिघडते आहे.

काटछाटीबरोबर आणखी दोन गोष्टी वाढतात, त्यांकडेही लक्ष द्यावे. रुंदी निम्मी केली की चित्राचे क्षेत्रफळ चौथा हिस्सा उरते, आणि तेवढ्याच आकाराच्या छपाईत आयएसओ (सेन्सरच्या प्रकाशसंवेदनशीलतेचा आकडा) 800 वर घेतलेल्या चित्रातील नॉइज, म्हणजे दाणेदारपणा, आयएसओ 3200 वर घेतल्यासारखा दिसू लागतो. हाताचा कंपही त्याच पटीने मोठा होतो. एपीएस-सी सेन्सरवर निम्मी काटछाट करायची असेल, तर आपली 400 मिलिमीटरची लेन्स 1200 मिलिमीटरची आहे (लहान सेन्सरमुळे दीडपट, काटछाटीमुळे आणखी दुप्पट) असे समजूनच शटरचा वेग ठरवावा, म्हणजे स्थिर पक्ष्यासाठीही सेकंदाचा बाराशेवा भाग किंवा त्याहून वेगवान. 1.4 पटीचा टेलिकन्व्हर्टर (लेन्स आणि कॅमेरा यांच्या मध्ये बसवायचे वाढीव भिंग) लावल्यास पक्ष्यावर जवळजवळ दुप्पट पिक्सेल मिळतात, परंतु प्रकाश निम्मा होतो, आणि मूळ लेन्स पुरेशी धारदार नसेल तर हाती फारसे काही लागत नाही.

एकट्या पक्ष्याचे चित्र मी छपाईला देणार नाही. रांगेचे द्यावे.

दांडियाबाजारकर यांचे उत्तर

ओरसंगतीर यांचे गणित मला पूर्ण मान्य आहे, त्यांचा निष्कर्ष मात्र मान्य नाही. त्यांनी पक्ष्याची लांबी मोजली, पण या चित्राचा विषय नुसता पक्षी नाही. स्थिर पाण्यात मान उंच करून उभा असलेला पक्षी आणि त्याखाली त्याचे सबंध प्रतिबिंब हा मिळून एकच उभा आकार होतो. पट्टकदंब मान ताठ करून उभा राहिला की त्याची उंची त्याच्या लांबीपेक्षा फार कमी नसते. पक्षी आणि प्रतिबिंब मिळून सुमारे 900 पिक्सेल धरले, तर 1800 पिक्सेल उंचीच्या चौकटीत हा आकार निम्मी उंची व्यापतो. भिंतीवर तो सहा इंचांचा असेल, आणि सहा इंचांचा स्पष्ट, उभा आकार 12 इंच उंचीच्या चित्राला पेलतो. शिवाय पाण्यावरच्या बारीक लहरींमुळे प्रतिबिंब मुळातच मऊ असते, त्यामुळे खालच्या अर्ध्या आकारात पिसांच्या बारकाव्याची अपेक्षा कोणीच करत नाही.

त्यासाठी चौकट अशी बांधावी. प्रतिबिंबातील डोके खालच्या कडेला टेकता कामा नये. त्याच्याखाली किमान अर्ध्या मानेइतके पाणी मोकळे ठेवावे, नाहीतर पक्षी चित्रातून खाली घसरतो आहे असे वाटते. पक्षी डावीकडे पाहतो आहे, म्हणून डावीकडची जागा उजवीकडच्या दुपटीइतकी ठेवून पाहावी. ‘तिसऱ्या भागाचा नियम’ म्हणून जी रेघ सॉफ्टवेअर दाखवते, तिच्यावर डोळा अचूक बसवण्याचा अट्टहास करू नये. पाण्यात पुढे काय आहे ते आधी पाहावे. तिथे एखादी गवताची काडी, किंवा उजेड पडून पाण्याचा बदललेला रंग असेल, तर पक्ष्याच्या नजरेला तेवढा टप्पा मिळावा. काही नसेल, तर नुसते रिकामे पाणी वाढवून चित्र ओसाड होते आणि उजवीकडून थोडे कमी कापणेच योग्य ठरते. डोके, मान आणि प्रतिबिंब यांच्या उभ्या रेषेमुळे चौरस चौकटही या चित्राला शोभेल. मंडळाची मापाची अट सैल असेल, तर 1800 × 1800 करून अवश्य पाहा.

बाभळींचा पट्टा ठेवावा. तो गेला तर हा पक्षी कोणत्याही पाण्यातला होतो. तो राहिला तर आपल्याकडच्या कोरड्या शेतीमुलखातल्या तलावातला राहतो. त्याच्या वरची आकाशाची पांढुरकी पट्टी मात्र पूर्ण कापावी, कारण चित्रातली सर्वांत उजळ जागा कडेला असेल तर पाहणाऱ्याची नजर तिथेच अडकते. पट्टा कापताना तो पक्ष्याच्या डोक्याला चिकटणार नाही, मध्ये पाणी दिसत राहील, एवढे सांभाळा.

एक मुद्दा सहसा कोणी मांडत नाही, म्हणून जरा विस्ताराने सांगतो. पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीवर यावे, जमिनीवर आडवे व्हावे, असा सल्ला सर्वत्र दिला जातो आणि जवळच्या पक्ष्यासाठी तो रास्तच आहे. पण कॅमेरा पाण्यापासून पाच मीटर उंचीवर आणि पक्षी दीडशे मीटर दूर असेल, तर नजरेचा उतार दोन अंशांहूनही कमी भरतो. म्हणजे बांधावर उभे राहूनही आपल्याला जवळजवळ समपातळीचेच दृश्य मिळते. पक्ष्याच्या डोक्यामागे जे पाणी दिसते ते त्याच्या वीस मीटर मागचे असते, आणि म्हणूनच ती पार्श्वभूमी शांत उमटते. अंतरामुळे बारकावे हरवतात हे खरे, पण मागची ही मोकळीक अंतरामुळेच लाभते, आणि चौकट बांधताना तिचा पुरेपूर उपयोग करावा.

रांगेच्या चित्राबाबत मला शंका आहे ती वेगळ्या कारणाने. दूरवरून पाहिले की मागचे-पुढचे पक्षी एकमेकांवर चढल्यासारखे दिसतात. हा परिणाम लेन्सचा किंवा काटछाटीचा नाही, तो अंतराचा आहे, आणि तो नंतर दुरुस्त करता येत नाही. रांगेतल्या बहुतेक पक्ष्यांची डोकी सुटी दिसतात का, हे आधी तपासा. दिसत असतील तर चित्र लांबट ठेवावे; 6000 × 2000 ची चौकट 30 × 10 इंचांवर दर इंचाला 200 पिक्सेलांनी उत्तम छापून येईल.

पाणथळवाट यांची पुरवणी

दोघांचेही आभार. रांगेत मधल्या सात-आठ पक्ष्यांची डोकी एकमेकांत गुंतलेली आहेत, हे आता नीट पाहिल्यावर लक्षात आले, त्यामुळे एकट्या पक्ष्याच्या चित्राकडे माझा कल झुकला आहे. आणखी दोन शंका आहेत. त्या चित्रात शंभर टक्के मोठे करून पाहिले असता डोळ्याची कड किंचित थरथरल्यासारखी दिसते, जरी शटरचा वेग सेकंदाचा दोन हजारावा भाग होता. धार वाढवणाऱ्या एखाद्या नव्या सॉफ्टवेअरने हे सुधारेल का? आणि रांगेचे चित्र पुढे कधी वापरायचे झाले, तर उजव्या टोकाच्या चक्रवाकांचे काय करावे? त्यांतला एक अर्धाच चौकटीत आला आहे.

रावपुरा छपाईघर यांचे उत्तर

इतक्या वेगाला थरथर दिसते आहे, तेव्हा ती हाताची नसून हवेची असण्याची शक्यता अधिक आहे. पाणी आणि हवा यांच्या तापमानात फरक असला की त्यांच्या सीमेवरचा थर सतत हलत राहतो आणि त्यातून येणारे प्रकाशकिरण वाकतात. हे फक्त दुपारच्या उन्हात होते असे नाही. हिवाळ्याच्या पहाटे पाणी उबदार आणि हवा गार असतानाही होते. महागडी लेन्स यावर उपाय नाही, कारण जितके मोठे दाखवाल तितकी थरथरही मोठी होते. ढगाळ सकाळ, मंद वारा, कमी अंतराचा काठ आणि एकाच स्थितीतल्या पक्ष्याच्या सलग बऱ्याच फ्रेम एवढेच हातात असते. हवा क्षणभर स्थिरावते, त्या क्षणाची फ्रेम इतरांपेक्षा स्पष्ट निघते. तेव्हा त्याच मालिकेतल्या बाकीच्या फाईली आधी तपासून पाहा. मान किंचित वेगळी असेल, पण डोळा स्वच्छ मिळेल.

चित्र मोठे करणारी नवी सॉफ्टवेअरे वापरताना एक भेद पाळावा, असे माझे ठाम मत आहे. नॉइज कमी करणे, क्षितिज सरळ करणे, मर्यादित धार देणे हे नोंदलेल्या प्रतिमेवरचे काम आहे. जो पोत सेन्सरवर नोंदलाच गेला नाही तो हे सॉफ्टवेअर इतर असंख्य चित्रांच्या आधारे रचते, आणि मग जी पिसे दिसतात ती त्या पक्ष्याची नसतात. प्रदर्शनात खाली पक्ष्याचे नाव आणि स्थळ लिहिणार असाल, तर ही रचलेली पिसे तिथे नसावीत. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ स्पर्धेत काटछाट चालते, पण निवडीच्या पुढच्या टप्प्यांत मूळ रॉ फाईल मागवून पडताळणी होते. आपल्या मंडळाने तशी अट घातलेली नसली, तरी रॉ फाईल जपून ठेवावी आणि काटछाट वेगळ्या प्रतीवर करावी.

छपाईपूर्वी सबंध 18 × 12 काढण्याची घाई करू नका. डोके आणि छाती एवढाच भाग त्याच प्रमाणात 6 × 4 इंचांच्या कागदावर छापून घ्या, भिंतीला लावा आणि दोन फुटांवरून पाहा. तकतकीत कागदापेक्षा मॅट कागदावर अशी मऊ चित्रे अधिक चांगली दिसतात, हा माझा अनुभव आहे.

चक्रवाकांविषयी: अर्धा कापलेला पक्षी कडेला ठेवू नये, आणि तो पुसून त्या जागी पाणी रंगवूही नये. उजवी कड आत आणून जोडीच चौकटीबाहेर काढावी. ते करताना रांगेतला शेवटचा पट्टकदंब कापला जात असेल, तर रांगेत जिथे दोन पक्ष्यांमध्ये नैसर्गिक फट आहे तिथपर्यंत कड आणखी आत घ्यावी आणि लांबी कमी झाली तरी चालू द्यावी.